मोरीशेजारचे बीळ

शोभावती नगरीत पद्मरथ राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाचा जन्म एका माळ्याच्या कुळात झाला होता. राजाच्या आठ बागा होत्या. त्यांतली नदीकाठची बाग बोधिसत्त्वाकडे होती, आणि बागेच्याच एका कोपऱ्यात, मातीच्या दोन खोल्यांत, तो आणि त्याची बायको पाटला राहत. त्यांना एकच मुलगी होती, मालती. ती दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली होती.

बातमी आली त्या सकाळी पाटला ओसरीवर बसून देवळासाठी हार ओवत होती. बोधिसत्त्व अंगणात एका फुटक्या काठवटीत माती आणि भुसा कालवत होता. मोरीशेजारी, भिंतीच्या तळाशी, चिचुंदरीचे एक बीळ होते. ते बुजवायचे होते.

“आज तरी होऊ द्या,” पाटला म्हणाली. “चैत्रापासून ऐकतेय, आज बुजवतो, उद्या बुजवतो. काल पुजारी म्हणाला, हाराला वास येतो, आणि तो फुलांचा नाही.”

“कधीच बुजवलं असतं गं. पण तुझ्या लेकीनं बजावलंय ना, माझ्या गंधाला हात लावायचा नाही म्हणून.”

“लेक गेली नांदायला. वास आम्ही सोसायचा!” पाटला म्हणाली, आणि दोघेही हसली. मालतीने लहानपणी त्या चिचुंदरीचे नाव गंधा ठेवले होते. एक चिचुंदरी इतकी वर्षे कुठली जगते. पण त्या बिळातून जी कोणी बाहेर येई, ती मालतीची गंधाच.

तेवढ्यात मालतीचा दीर फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या वहाणा हातात होत्या. पाटलेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही. तीन दिवसांचा ताप, एवढेच त्याला सांगता आले.

पाटलेच्या हातातला हार अर्धा झाला होता. तो पुढे कोणी पुरा केला की तसाच राहिला, हे तिला नंतर कधी आठवले नाही. काठवटीतली माती वाळून दगड झाली आणि कित्येक दिवस अंगणात तशीच पडून होती.

पावसाळा सरत आला. बोधिसत्त्व बागेत राबे, पाटला हार ओवी, आणि दोघांपैकी कोणी मालतीचे नाव घेत नसे. मात्र पाटला रोज सकाळी एकदा शेवंतीच्या वाफ्यांकडे जाऊन येई. ते सात वाफे मालतीने लग्नाआधी स्वतःच्या हातांनी लावले होते. दरवर्षी जुन्या झाडांना नवे फुटवे येत. कार्तिकात फुले येतील, लेकीच्या हातचे काहीतरी घरात येईल, एवढ्यावर पाटला दिवस ढकलत होती.

मग एके सकाळी पहिल्या वाफ्यातली चार रोपे माना टाकून बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी नऊ. बहुतेक रोपांच्या बुंध्याशी बोट जाईल एवढे भोक होते, आणि भोकाभोवती ताजी उकरलेली माती.

शेजारच्या बागेतली माळीण कुंजा कुंपणावरून वाकून म्हणाली, “आमच्याकडेही तेच. चिचुंदऱ्यांनी मुळं खाल्ली. आम्ही तर आता बिळांत धूर कोंडतोय, वरून उकळतं पाणी. तुम्ही पाळा बाई त्यांना! तुमच्या घरात पाऊल टाकलं की कळतच नाही, देवाची फुलं कुठली आणि तुमची गंधा कुठली.”

पाटला तशीच घरात निघून गेली. एरवी तिने कुंजाचे एकही बोलणे अंगावर ठेवून घेतले नसते.

दुपारी राजाचा उद्यानपाल वज्रक आला. तो धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस होता. मनाने वाईट नव्हता. पण कार्तिकी पौर्णिमेचा कौमुदी उत्सव जवळ आला की त्याला अन्न गोड लागत नसे.

“हे काय चाललंय?” तो बोधिसत्त्वाला म्हणाला. “उत्सवाला महाराजांच्या रथाला शेवंतीचे हार लागतात. सात बागांतून चिचुंदऱ्या मारायला सुरुवात झाली. तुझ्याकडेच का नाही?”

“मुळं तीच खाते हे कोणी पाहिलंय का, मालक?”

“बिळं दिसत नाहीत तुला?”

“बिळं दिसतात. ती खाताना दिसली नाही.”

“चिचुंदरीचा भाट झालास काय? ऐक. आठही बागांवर एक मुख्य माळी नेमायचाय, आणि माझ्या मनात तुझंच नाव आहे. उद्या सकाळपर्यंत बिळं साफ झाली, तर ते तसंच राहील. तू ऐकलं नाहीस आणि वाफे गेले, तर ही बाग दुसऱ्याला देईन. मग घरही सोडावं लागेल.”

“उद्या सकाळपर्यंत मुळाशी कोण बसलंय ते पाहतो,” बोधिसत्त्व म्हणाला.

वज्रकाची पाठ वळताच पाटला पुढे आली. इतक्या दिवसांत ती एवढे बोलली नव्हती. “अहो, पाहायचं काय राहिलंय त्यात? माझी पोर गेली. तिनं लावलेलं तेवढं तरी राहू द्या. ते वाफे दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेले मला बघवणार नाहीत.”

“मला तरी कुठे बघवणार आहेत, पाटले? पण एकदा बिळात पाणी ओतलं की ते माघारी घेता येत नाही.”

तो खुरपे घेऊन वाफ्यांकडे गेला. पाटलेने चुलीवर हंडी चढवली.

दिवेलागणीला पाणी उकळले. दोन्ही हातांत फडकी धरून तिने हंडी उतरवली आणि मोरीपाशी आणली. कुंजाच्या बागेतला धूर कुंपण ओलांडून अंगणात आला होता. बीळ तिच्या पायापासून वीतभर अंतरावर होते. हंडी कलती करायची, एवढेच बाकी होते.

तेवढ्यात कुंपणाखालून चिक् चिक् आवाज आला. धुराने बीळ सोडून एक चिचुंदरी इकडे पळून येत होती, आणि तिच्या मागे तिची पिल्ले होती. पहिल्या पिल्लाने आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरले होते, दुसऱ्याने पहिल्याचे, तिसऱ्याने दुसऱ्याचे. अशी पाच पिल्ले एकामागोमाग, जणू एकाच दोऱ्यात ओवलेली, भिंतीच्या कडेने पाटलेकडे येत होती.

अंगणाच्या मध्यावर शेवटच्या पिल्लाची पकड सुटली. ते चिक् चिक् करत जागीच गरगर फिरू लागले. आई दोन पावले पुढे गेली आणि थांबली. चिचुंदरीला फारसे दिसत नाही, हे मालतीनेच कधीतरी सांगितले होते. आई नाकाने हवा हुंगत राहिली. मग चारही पिल्लांची माळ घेऊन ती मागे वळली, आवाजाच्या दिशेने गेली, आणि सुटलेल्या पिल्लाला चौथ्याची शेपटी सापडेपर्यंत तिथेच उभी राहिली. मागे धूर होता, पुढे माणूस. ती हलली नाही. पाचवे लागल्यावर मगच माळ पुन्हा चालू लागली, पाटलेच्या पायाजवळून गेली आणि मोरीशेजारच्या बिळात शिरली.

बोधिसत्त्व परत आला तेव्हा हंडी जमिनीवर होती आणि पाणी निवले होते. पाटला हंडीजवळ उकिडवी बसली होती.

“शेवटचं सुटलं होतं,” ती म्हणाली. “ती परत आली त्याच्यासाठी.”

बोधिसत्त्वाने बिळाकडे पाहिले. तोही शेजारी बसला. मग त्याने मूठ उघडून पुढे केली. तळहातावर तीन जाड पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, तपकिरी डोक्यांच्या, अर्ध्या वळलेल्या.

“हुमणी,” तो म्हणाला. “माना टाकलेली सगळी रोपं उपटून पाहिली. जिथे भोक नव्हतं तिथेही मुळाशी या होत्याच. आणि जिथे भोक होतं, तिथे यांची नुसती डोकी पडली होती. चिचुंदरी मुळं खात नाही, पाटले. मुळं खाणाऱ्याला खाते. रोप मरायला टेकलं की तिथे हुमणी असणार हे तिला वासानं कळतं, म्हणून ती तिथेच उकरते. आणि आपण तिला नेमकं मेलेल्या रोपाशी पाहतो.”

आणि त्या वेळी बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

आजाऱ्याच्या दारी वैद्य दिसे रोज,
म्हणून का रोग वैद्याने आणला?
हात उगारण्याआधी, शहाण्या, वाकून पाहा;
माती उकरता मुळाशी काय ते दिसते.

सकाळी वज्रक आला तेव्हा बोधिसत्त्वाने त्याला रोप उपटून अळ्या दाखवल्या. वज्रकाने नाक मुरडले. “अळ्या मातीत असतातच. बिळं बुजवलीस का, ते सांग.”

बोधिसत्त्व बोलण्याआधीच पाटला म्हणाली, “मालक, हे वाफे माझ्या लेकीचे आहेत. त्यांच्यासाठी कुणाची पिल्लं उकळत्या पाण्यात घालणार नाही मी. तुम्ही उत्सवापर्यंत थांबा. फुलं आली नाहीत, तर आम्ही आपणहून घर सोडू. तुम्हाला सांगायला यावं लागणार नाही.”

“दोघंही सारखीच वेडी!” वज्रक म्हणाला. पण शोकातल्या बाईशी वाद घालणे त्याच्याने झाले नाही. तो थांबायला कबूल झाला. मुख्य माळ्याची जागा मात्र त्याच दिवशी कुंजाच्या नवऱ्याला मिळाली.

त्या दिवसापासून नवरा-बायको दोघेही पहाटेच वाफ्यांत बसू लागली. रोपाची मुळे न दुखवता माती सैल करायची आणि बोटांनी हुमणी वेचायची. संध्याकाळी ती दोघे उठली की चिचुंदऱ्या कामाला येत. वेचलेल्या अळ्या बोधिसत्त्व टोपलीत घालून नदीकाठच्या पडीक गवतात नेऊन सोडी. पाटलेला ते पाहून राहवले नाही.

“आता यांचीही नावं ठेवा म्हणजे झालं!”

“मालती असती तर तिनं ठेवलीच असती.”

पाटलेने हातातली अळी टोपलीत टाकली. मग म्हणाली, “ठेवलीच असती. आणि मला पाठ करायला लावली असती.” त्या घरात मालतीचे नाव पुन्हा निघाले, ते असे.

वासाचाही उपाय निघाला. पाटलेने आढ्याला पाच शिंकी टांगली आणि फुलांच्या परड्या त्यांत ठेवू लागली. जमीन गंधाची, वरचे देवाचे. पुजाऱ्याची तक्रार थांबली.

सगळे वाफे काही वाचले नाहीत. पहिले दोन गेले. त्यांच्या मुळांत काही उरलेच नव्हते. पण पाच वाफे सावरले, त्यांना नवी पाने आली, आणि कार्तिक लागताच कळ्या धरल्या. इतर सात बागांत चिचुंदरी औषधालाही शिल्लक नव्हती. तिथे हुमणीला मोकळे रान मिळाले. उत्सवाला आठ दिवस राहिले, तेव्हा त्या बागांतली शेवंती गवतासारखी वाळून पडली होती.

कौमुदी उत्सवाला राजाच्या रथावर जेवढे हार चढले, तेवढे सगळे नदीकाठच्या बागेतले होते. दरवर्षीपेक्षा हार कमी होते, म्हणून राजाने वज्रकाला कारण विचारले. वज्रकाने काही लपवले नाही. “महाराज, चूक माझी आहे. राखणदारालाच मी चोर समजलो,” तो म्हणाला.

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले आणि मुख्य माळ्याची जागा देऊ केली.

“त्या जागेवर माणूस आहे, महाराज, आणि तो कामाला चांगला आहे,” बोधिसत्त्व म्हणाला. “मला द्यायचंच असेल तर एवढं द्या. आठही बागांत भिंतीलगतची हातभर जमीन खणू नये, आणि कोणत्याही बिळात पाणी ओतू नये. ज्याचं काय चुकलं ते आधी पाहावं.”

राजाने तशी दवंडी पिटवली, आणि वज्रकालाही क्षमा केली.

हिवाळ्यात बोधिसत्त्वाने पाच वाफ्यांतले फुटवे सोडवून सातही बागांत वाटायला काढले. कुंजा आपल्या बागेचे न्यायला आली, ती कुंपणापाशीच घुटमळली.

“पाटलाबाई, मी तेव्हा जे बोलले ना, ते...”

“खरंच बोललीस गं. वास येतोच,” पाटला म्हणाली. “ओचा पसर. मुळं ओली आहेत, सांजेच्या आत लाव.”

पुढच्या कार्तिकात आठही बागांत शेवंती फुलली. लोक तिला मालतीची शेवंती म्हणू लागले. ज्यांनी मालतीला कधी पाहिले नव्हते, तेही म्हणत.

ही कथा भगवानांनी एका विहारात सांगितली. तिथल्या कोठारावरचा भिक्षू भद्दक उंदरांना धूर द्यायला निघाला होता. आणि सोमिका नावाची एक उपासिका, जिची लेक त्याच वर्षी वारली होती, मागच्या ओळीत बसून ऐकत होती. कथा संपवून भगवान म्हणाले, “त्या वेळचा उद्यानपाल वज्रक म्हणजे आजचा भद्दक. राजा पद्मरथ म्हणजे भिक्षू आनंद. पाटला म्हणजे ही उपासिका सोमिका. आणि तो माळी म्हणजे मीच होतो.”

मालती कोण होती, हे सोमिकेने विचारले नाही, आणि भगवानांनीही सांगितले नाही.

जो दुःखात असूनही दुसऱ्याच्या पिल्लांवर हात उगारत नाही आणि दोष देण्याआधी मुळापर्यंत पाहतो, त्याची सर्व जीवांविषयीची मैत्री पूर्ण होते. ही मैत्री पारमिता होय.

बोधिसत्त्व आणि पाटला त्या घरात पुढे पुष्कळ वर्षे राहिली. मोरीशेजारचे बीळ बुजवायचे मात्र राहूनच गेले.