ठिपकी आणि रोजची चिमूट

थंडी वाजली की तुला कुशीत कोण घेतं, सांग बरं?

ठिपकीला तिची आई घ्यायची. ठिपकी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. लिंबाएवढं. पिवळं पिवळं, पाठीवर एक काळा ठिपका. आई पंख उचलायची. ठिपकी आत शिरायची. आत मऊ मऊ, गरम गरम.

एके दिवशी आईने पंख उचललाच नाही. आई आजारी पडली. मान खाली, डोळे मिटलेले. कोंबड्या पाळणाऱ्या हौसाकाकूने तिला टोपलीत वेगळं ठेवलं. ठिपकी बाहेर एकटी. थरथर, थरथर.

जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आईला तपासलं, औषधाची नवी बाटली दिली आणि गेल्या. बाटली जाऊन बसली पेटीत.

ठिपकी निघाली पेटीकडे. टुपूटुपू, टुपूटुपू.

"बाटलीताई, बाटलीताई, बाहेर ये ना. आईला बरं वाटेना."

बाटली म्हणाली, "काकू रोज सगळ्यांच्या दाण्यात औषधाची चिमूट घालते. कुणी आजारी असो, नसो. आजार आणणाऱ्या जंतूंना त्या औषधाची सवय झाली. आता ते त्याला भीतच नाहीत. उद्या माझीही चिमूट घातली, तर मलाही भिणार नाहीत. काकू चिमूट सोडेल, तेव्हा मी येईन."

ठिपकी निघाली काकूकडे. टुपूटुपू, टुपूटुपू.

"काकू, काकू, चिमूट सोड ना.
बाटली पेटीतून निघेना,
आईला बरं वाटेना."

काकू दाणे पाखडत होती. ती म्हणाली, भाजीत मीठ चिमूटभर, दुधात हळद चिमूटभर, तशी दाण्यात पावडर चिमूटभर. मायेनेच घालते की. खुराडं हे असं ओलं, आणि सगळीच आजारी पडली तर?

"खुराडं कोरडं होईल, तेव्हा मी चिमूट सोडेन."

ठिपकी निघाली खुराड्याकडे. टुपूटुपू, टुपूटुपू.

"खुराड्या, खुराड्या, कोरडं हो ना.
काकू चिमूट सोडेना,
बाटली पेटीतून निघेना,
आईला बरं वाटेना."

खुराडं शिंकलं. फट्‌छी!

"मी कसं होऊ? ऊन आत शिरेल, तेव्हा मी कोरडं होईन."

ठिपकी निघाली उन्हाकडे. टुपूटुपू, टुपूटुपू.

"उन्हा, उन्हा, आत शिर ना.
खुराडं कोरडं होईना,
काकू चिमूट सोडेना,
बाटली पेटीतून निघेना,
आईला बरं वाटेना."

ऊन म्हणालं, "मी तर दारातच उभं आहे. पण जाळीवर गोणपाट बांधलंय. शेळी गोणपाट ओढेल, तेव्हा मी आत शिरेन."

ठिपकी निघाली काजळी शेळीकडे. टुपूटुपू, टुपूटुपू.

"शेळीमावशी, शेळीमावशी, गोणपाट ओढ ना.
ऊन आत शिरेना,
खुराडं कोरडं होईना,
काकू चिमूट सोडेना,
बाटली पेटीतून निघेना,
आईला बरं वाटेना."

गोणपाट म्हटल्यावर काजळीच्या तोंडाला पाणी सुटलं. "पण मी बांधलेली गं. आबांची टोपी खाल्ली ना मी. एकदाच खाल्ली. आबा मला सोडतील, तेव्हा मी गोणपाट ओढेन."

ठिपकी निघाली आबांकडे. आबा म्हणजे काकूचे सासरे. ते दोरी वळत बसले होते. टुपूटुपू, टुपूटुपू.

"आबा, आबा, शेळी सोडा ना.
शेळी गोणपाट ओढेना,
ऊन आत शिरेना,
खुराडं कोरडं होईना,
काकू चिमूट सोडेना,
बाटली पेटीतून निघेना,
आईला बरं वाटेना."

आबांनी ठिपकीकडे पाहिलं. शेळीकडे पाहिलं. मग डोक्यावरची नवी टोपी काढून खिशात घातली.

"चल पोरी," ते म्हणाले.

आबांनी शेळी सोडली.
शेळीने गोणपाट ओढलं. कराकरा, कराकरा.
ऊन आत शिरलं. लख्ख, लख्ख.
खुराडं कोरडं झालं. काकूने खाली नवा भुसा पसरला. खसखस, खसखस.

मग काकू दाणे घालायला बसली. सवयीने हात पावडरीच्या डब्यात गेला. तीन बोटं मिटलीसुद्धा. ठिपकी बघत होती. काकूने बोटं उघडली, डबा घट्ट लावला आणि हात धुऊन आली.

"नाही घालत गं बाई," ती म्हणाली. "नुसते दाणे खा."

बाटली पेटीतून निघाली. काकूने आईची चोच हळूच उघडली. टप, टप. डॉक्टरबाईंनी सांगितले तेवढेच थेंब. दुसऱ्या कुणाला एकही नाही. या औषधाची जंतूंना सवय नव्हती. ते घाबरले आणि पळत सुटले. सुर्रर्र, सुर्रर्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने आईला पुन्हा थेंब पाजले, आईने पंख उचलला, आणि ठिपकी आत शिरली.