दहा आणि वीसच्या मधली जागा

शाल्मली आणि इरफान ज्या कम्प्युटरवर पहिला प्रोग्राम शिकले, तो शाळेचा जुना कम्प्युटर त्यांनी सुट्टीभर खपून जिवंत केला. पण संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब भंगारवाल्याला घेऊनच आले.

"या धुडाला शाळेत जागा नाही." पडद्याकडे बघून ते हसले. "प्रोग्रामच्या ओळींना नंबर, तेही दहा, वीस, तीस? मधले उंदरांनी खाल्ले का?"

"मी हिला तेच सांगत होतो," इरफान पुटपुटला. "सरळ एक, दोन, तीन दे."

शाल्मलीने प्रोग्राम चालवला. हिरव्या अक्षरांत शाळेचं नाव उमटलं, खाली 'सुस्वागतम'.

"माझं नाव कुठंय? या दोन्हींच्या मधे हवं," दादासाहेब म्हणाले.

तिने दहा आणि वीसच्या मधला पंधरा नंबर देऊन त्यांचं नाव टाइप केलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. एकही ओळ न हलवता ते मधोमध जाऊन बसलं. दादासाहेब खुलले. "मी येणार हे माहीत होतं वाटतं."

"नाही दादासाहेब. पुढे कोण येईल ते कळत नाही, म्हणून मधे जागा सोडायला आम्हाला याच खोलीत शिकवलं. या धुडाने तुम्हाला लगेच जागा दिली. तुमच्या एवढ्या मोठ्या शाळेत त्याला एक कोपरा मिळेल?"

दादासाहेब बराच वेळ आपल्या नावाकडे बघत राहिले. मग भंगारवाल्याला म्हणाले, "तू जा बाबा."

इरफानने पुन्हा एक, दोन, तीनचं नाव काढलं नाही.