मुजऱ्याचा झेल

कर्णवाडी नावाच्या लहानशा संस्थानात हैबती शिर्के नावाचा एक क्रिकेटपटू राहत होता. संस्थान इतके लहान, की सकाळी घोड्यावर बसून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सरहद्दीपलीकडे पोहोचायचा. पण तिथल्या महाराजांना क्रिकेटचा नाद मोठा होता. राजवाड्यामागे त्यांनी हिरवेगार मैदान राखले होते आणि चांगले खेळाडू हुडकून पदरी ठेवले होते. हैबतीचे नाव घोड्यांच्या पागेत लागले होते, पण त्याने घोड्याला कधी खरारा केला नाही. त्याचे काम एकच, झेल घेणे. तो स्लिपमध्ये उभा राहिला, की वासरू गोठ्यात शिरावे तसा चेंडू त्याच्या हातात शिरायचा.

या मैदानाचा एक रिवाज होता. महाराज फलंदाजीला आले, की त्यांचे शतक होईपर्यंत त्यांचा झेल कोणी घ्यायचा नाही. पण मुद्दाम सोडला असे दिसताही कामा नये. म्हणून खेळाडू चेंडूकडे झेपावत, कमरेत वाकत, दोन्ही हात पुढे करत आणि ऐन वेळी बोटे अलगद उघडत. वर "अरेरे, सरकार!" असे कळवळून म्हणत. याला ते आपसांत 'मुजरा' म्हणायचे. आज कोणी किती मुजरे घातले, यावर संध्याकाळी हसणे चाले. महाराजांना यातले काहीच ठाऊक नव्हते. आपले नशीब जोरावर आहे, एवढेच त्यांना वाटे. त्यांच्या शतकांच्या गौरवासाठी दरबारात चांदीची बॅट टांगलेली होती.

हैबतीसारखा मुजरा कोणालाच साधत नसे. हा रिवाज पाडला होता खासगी कारभारी दाजीसाहेब प्रधानांनी. ते नव्या खेळाडूंना सांगत, "हैबतीकडे बघून शिका. चेंडू सोडतो, पण बघणाऱ्याला हळहळ वाटते." हे ऐकून हैबतीची छाती फुगायची. सरकार खूश, कारभारी खूश, यात आपले काय जाते, असे तो स्वतःशी म्हणे.

त्या काळी हिंदुस्थानचा संघ विलायतेला जायला नुकतीच सुरुवात झाली होती. हैबतीच्या झेलांची कीर्ती दूरवर गेली आणि त्याची संघात निवड झाली. कर्णवाडीने त्याला वाजतगाजत निरोप दिला.

विलायतेतला मोठा सामना रंगात आला. समोरचा गोरा कप्तान फलंदाजीला आला. तो बडा उमराव होता. भारदस्त अंग, टोकदार मिशा, चालण्यात रुबाब. त्याला बघून हैबतीला आपल्या महाराजांचीच आठवण झाली. लवकरच एक चेंडू बॅटीची कड घेऊन आला. सरळ, हलका, कमरेइतका. हैबती झेपावला, वाकला, त्याने हात पुढे केले आणि त्याची बोटे अलगद उघडली. चेंडू गवतावर पडला. त्याच्या तोंडून शब्दही निघून गेले, "अरेरे, सरकार!"

त्या गोऱ्याने मग दिवसभर चेंडू झोडपला. हिंदुस्थानचा संघ थोडक्यात हरला. गोलंदाज फिरोजशा भला माणूस होता. तो म्हणाला, "जाऊ दे, हैबती. डोळ्यांवर ऊन आलं असेल." विलायतेत त्या दिवशी ऊन औषधालाही नव्हते. हैबतीने मान खाली घातली. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

परतीच्या बोटीवर तो आपल्या हातांकडे बघत राही. आधी त्याला त्या हातांची चीड आली. मग त्याच्या ध्यानात आले, की हातांचा काहीच दोष नाही. आपण इतकी वर्षे जे शिकवले, तेच त्यांनी केले. राजा आपला की परका, हे हातांना कुठले कळायला?

कर्णवाडीत त्याचे थाटात स्वागत झाले आणि त्याच्या सन्मानार्थ महाराजांनी सामना ठेवला. सामन्याआधी दाजीसाहेबांनी त्याला बाजूला घेतले. "मुजरा विसरला नाहीस ना? विलायत बघून आलास म्हणून शिंगं फुटायला नकोत. राहतं घर वाड्याचं आहे, ध्यानात ठेव."

हैबतीच्या ते चांगलेच ध्यानात होते. घरात म्हातारे वडील होते, बायको सारजा होती. त्याला भीती वाटली. पण महाराजांच्या बॅटीची कड घेऊन चेंडू आला तेव्हा त्याने दात आवळले, बोटे मिटली आणि झेल घट्ट धरला.

सगळे खेळाडू जागच्या जागी थबकले. पंचाचे बोट वर जाईना. तो दाजीसाहेबांच्या तोंडाकडे बघू लागला.

महाराजांना हे नवल समजेना. "अरे, झेल घेतला आहे ना त्याने? मग सगळे असे का उभे?"

दाजीसाहेबांनी डोळे वटारले. तरीही हैबतीने सांगून टाकले, "सरकार, हितं आपला झेल घ्यायचा नसतो. सोडायचा असतो. त्याला आम्ही मुजरा म्हणतो. ती खोड माझ्या हातात मुरली. विलायतेत त्या गोऱ्यालाच मुजरा घातला मी आणि सामना घालवला."

महाराजांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी शतके?"

महाराजांनी बॅट काखेत धरली आणि ते वाड्याकडे निघून गेले.

दाजीसाहेबांचा निरोप लगेच आला, घर रिकामे करा. सारजा भांडी बांधू लागली. ती म्हणाली, "झेल घेतला म्हणून घर गेलं. सोडला असता तर काय गेलं असतं वो?"

"हात गेले असते," हैबती म्हणाला.

सामान अजून उंबऱ्यातच होते, तोच महाराजांनी त्याला मैदानावर बोलावले. महाराज बॅट घेऊन एकटेच उभे होते. डोळे तांबारलेले होते. "हैबती, तुझा मला फार राग आला होता," ते म्हणाले. "मग शतके आठवत बसलो. त्यातले एकही माझे म्हणून सांगता येईना. सामान परत लाव. आणि उद्यापासून मला खेळायला शिकव. बाद झालो, की बाद म्हणायचे."

महाराज पुष्कळदा शून्यावर बाद झाले. चिडले, बॅट आपटली, पुन्हा उभे राहिले. पुढच्या वर्षी शेजारच्या संस्थानाशी सामना झाला. मला राजा समजू नका, इतर खेळाडूंसारखेच खेळवा, असे महाराजांनी दोन्ही संघांना बजावले आणि हैबतीला मुद्दाम समोरच्या संघातून उभे केले. त्या दिवशी महाराजांनी अकरा धावा केल्या. मग चेंडू कड घेऊन स्लिपमध्ये गेला आणि हैबतीच्या हातात बसला. पंचाचे बोट तत्काळ वर गेले.

महाराज मोठ्याने हसले. "अकरा! पण सगळ्या माझ्या." संध्याकाळी त्यांनी चांदीची बॅट उतरवली आणि तिच्या जागी, जिने या अकरा धावा काढल्या ती साधी लाकडी बॅट टांगली.

पण त्याआधी, महाराज बाद होऊन परतताना, हैबतीने चेंडू खाली ठेवला आणि मैदानातच त्यांना कमरेत वाकून मुजरा केला. इतक्या वर्षांतला हा त्याचा पहिला खरा मुजरा होता.

तात्पर्य: खोटा मान ज्याला देतो त्याचे भले होत नाही आणि देणाऱ्याचे हात मात्र बिघडतात; एकदा बिघडलेला हात मग आपले कोण, परके कोण, हे पाहत नाही.