बांधातली घूस

नदीकाठच्या गावात घरोघरी चूल पेटत होती, तेव्हाची ही गोष्ट. पूर अडवायला गावाने मातीचा बांध घातला होता. त्या बांधात एक घूस राहायची. दर वर्षी पावसाआधी घरटी एक माणूस येई, तिची बिळं चिखलाने बुजवी आणि तिला पोटभर शिव्या देई. घूसही आतून दात विचकी.

पुढे एकेक घर शहराकडे गेलं. एका वर्षी म्हातारी ठकूबाई एकटीच घमेलं घेऊन आली. एक बीळ बुजवलं आणि धापा टाकत खाली बसली.

"थकलीस ना म्हातारे?" घूस म्हणाली. "आता बांध माझा."

"तुझाच गं बये. मग राख आता तूच. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही. महिन्याचं पाणी एका दिवसात ओततो."

घूस हसली. तिने ऐसपैस बिळं खणली, त्यांत पिल्लं घातली.

मग पाऊस आला, तो ओततच आला. बिळाबिळातून पाणी घुसलं. घूस भोकं बुजवायला धावली, पण तिच्या पंजांना माती उकरणं तेवढंच ठाऊक. भोकं वाढतच गेली. पिल्लं तोंडात धरून ती बाहेर पडली आणि मागे बांध बसला.

गावात उंचावर ठकूबाईचा ओटा तेवढा कोरडा होता. घुशीने पिल्लं तिथे ठेवली आणि मान खाली घातली.

"दे आता शिव्या," ती म्हणाली.

ठकूबाईने बुडालेल्या रिकाम्या घरांकडे पाहिलं.

"एकटीनं किती देऊ?"