दोघांचा प्रयोग

आटपाट तालुका होता, तालुक्याला कॉलेज होतं, कॉलेजात वृंदा होती. पण वृंदाला कुणी नव्हतं. प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या जोड्या जमल्या, ही एकटी उरली.

परीक्षेला बाहेरून दाभोळे सर आले. वृंदाच्या वाट्याला घर्षणाचा प्रयोग आलेला पाहून ते मिशीत हसले. "एकाने ठोकळा एकसारखा ओढायचा, दुसऱ्याने ताणकाटा वाचायचा. दोघांचं काम हे! काटा थरथरला तर मार्क विसर."

वृंदाने ताणकाटा भिंतीतल्या खिळ्याला अडकवला, त्याला ठोकळा बांधला आणि ठोकळ्याखालची फळीच सावकाश ओढली. ठोकळा जागेवर, काटाही स्थिर. तिने आकडा आरामात वाचला.

"अगं, ठोकळा तर हललाच नाही!" सर कडाडले. "मग सरकतानाचं घर्षण मोजलंस कुठे?"

"सर, ठोकळा सरको नाहीतर फळी, घासतात दोघंही. आधी कोण सरकलं, हे घर्षण विचारत नाही."

सरांनी स्वतः फळी ओढून पाहिली, आधी हळू, मग भरभर. काट्याने आकडा सोडला नाही. त्यांचा आवाज खाली आला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही, सर. काटा वाचायला शेजारी कुणी असतं, तर सुचलंच नसतं."