गजाबाईचा तीळ आणि फ्रान्सची पेटी

खोटं वाटेल, पण ऐका!

समुद्रापलीकडून, फ्रान्स देशातून, शकूआत्याकडे एक लाकडी पेटी आली होती. म्हातारी, पण नटवी! अंगावर शिंपल्यांची फुलं. पोटात आत्याच्या बांगड्या.

त्या दिवशी होती संक्रांत. आत्यानं लाडू वळले. एक तीळ खाली पडला. तो उचलला एका मुंगीनं. मुंगी एवढीशी, नाव मात्र गजाबाई! घरी सहा बहिणी वाट बघत होत्या. एक तीळ सातजणींत वाटायचा होता.

गजाबाई पेटीवरून निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय घसरला. तीळ सुटला. टुणुक टुणुक... गडप! गेला कुलपाच्या भोकात.

"पेटीबाई, पेटीबाई, उघड ना!"

"कशी उघडू? बिजागऱ्या गंजल्यात. आधी तेल दे!"

गजाबाई गेली खोबरेलाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तीळ अडकला पेटीत,
पेटी म्हणते तेल दे!"

"हू हू हू! थंडीनं मी थिजलंय. आधी ऊन दे!"

गजाबाई गेली उन्हाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तीळ अडकला पेटीत,
पेटी म्हणते तेल दे,
तेल म्हणतं ऊन दे!"

"मी खिडकीबाहेर अडलंय. आधी पडदा सरकव!"

गजाबाई गेली पडद्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तीळ अडकला पेटीत,
पेटी म्हणते तेल दे,
तेल म्हणतं ऊन दे,
ऊन म्हणतं पडदा सरकव!"

"माझ्या टोकावर बोका बसलाय. आधी बोका उठव!"

गजाबाई गेली बोक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"तीळ अडकला पेटीत,
पेटी म्हणते तेल दे,
तेल म्हणतं ऊन दे,
ऊन म्हणतं पडदा सरकव,
पडदा म्हणतो बोका उठव!"

"आधी माझा कान खाजव! तू नको गं, तुझा पाय मला कळायचाही नाही. आत्याला सांग!"

गजाबाई गेली आत्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. आत्या गाल फुगवून बसली होती.

"जा गं बाई! हळदीकुंकवाला निघालेय, नि बांगड्या पेटीत. पेटी उघडेना. आधी बांगड्या, मग बोका!"

गजाबाईनं दोन पाय कमरेवर ठेवले. चारांवर उभी राहिली.

"मग नीट ऐक, आत्या!
तीळ अडकला पेटीत,
पेटी म्हणते तेल दे,
तेल म्हणतं ऊन दे,
ऊन म्हणतं पडदा सरकव,
पडदा म्हणतो बोका उठव,
बोका म्हणतो कान खाजव!"

"अगं बाई! म्हणजे माझ्या बांगड्या बोक्याच्या कानात!"

आत्या धावली. कान खाजवला, खर खर खर.
बोका उठला, घुर्र घुर्र.
पडदा सरकला, सर्र सर्र.
ऊन आलं, लख्ख लख्ख.
तेल वितळलं. आत्यानं ओतलं, टप टप.
पेटी उघडली, करर्र... टक्!
बांगड्या वाजल्या, किण किण.
आणि तीळ आला, टुणुक टुणुक!

"गजाबाई, तीळ कसला नेतेस? अख्खा लाडू ने!"

"नको आत्या. आमच्या दारातून जायचा नाही!"

गजाबाई तीळ घेऊन घरी गेली. एका तिळाचे सात तुकडे झाले. सातजणी चावू लागल्या. कुटुम कुटुम कुटुम.

कान द्या बरं. ऐकू आलं?

आलं ना! मग गोष्ट खरी.