पाकट वाढ, माड वाढव

एका गावात एक भोळा भिवा होता. गाव समुद्राकाठचं. भिवाचं लग्न काही केल्या जुळत नव्हतं. शेवटी एक स्थळ आलं. मुलीचे वडील, बाळकृष्ण तांडेल, स्वतः मुलगा बघायला यायचे होते. आईने बजावलं, "आज मी सांगेन तेवढंच कर."

"बरं," भिवा म्हणाला. घात तिथेच झाला.

सकाळी आई म्हणाली, "देवापुढे नारळ वाढव." भिवाने देवासमोरची सारवलेली जमीन खणली, नारळ पुरला, वर पाणी घातलं. आईने कपाळावर हात मारला. "अरे येड्या, वाढवायचं म्हणजे दगडावर आपटायचं."

"मग आधी सांगायचंस ना, आये."

दुपारी तांडेल आले. भेट म्हणून माडाचं रोप घेऊन आले. पानं मांडली. आई आतून म्हणाली, "पाहुण्यांना पाकटाचं कालवण वाढ." भिवाने मडकं उचललं आणि अंगणातल्या दगडावर आपटलं. मांजरांची चंगळ झाली.

"अरे मेल्या, पाकट म्हणजे मासा. तो पानात वाढायचा. नको म्हणाले तरी आग्रह करायचा."

"मग आधी सांगायचंस ना, आये."

तांडेलांना हसू आलं. रोप पुढे करून ते म्हणाले, "हा माड तरी नीट वाढवा."

भिवा विचारात पडला. पाकट चपटं, माड उंच. पाकटाला शेपूट, माडाला शेंडा. पाकट पाण्यातलं, माड वाळूतला. पण वाढणं दोघांच्याही नशिबी आलंच. त्याने रोप बारीक चिरलं आणि तांडेलांच्या पानात घातलं.

"नको, नको," तांडेल म्हणाले.

"असं कसं? घ्या की थोडं."

आई रडकुंडीला आली. "अरे, माड वाढवायचा म्हणजे गळ्याशी वाळू लोटायची, मुळाशी मासळी घालायची, वर कळशीभर पाणी ओतायचं."

"मग आधी सांगायचंस ना, आये."

पण तांडेल दिलदार माणूस. ते म्हणाले, "पोरगा भोळा आहे, लबाड नाही. मुलगी देतो. फक्त जावईबापू, चारचौघांत मान वाढवा. एवढंच मागणं." आणि ते अंगणातल्या वाळूत सावलीला आडवे झाले. रात्रभर होडीवर जागलेला माणूस, लगेच घोरू लागला.

जाग आली तेव्हा अंग हलेना. गळ्यापर्यंत वाळू. पायांशी मांजरांनी उरवलेलं पाकट. समोर गावातली चार माणसं ओळीने उभी, आणि भिवा तांडेलांच्या डोक्यावर कळशी ओततोय.

"हे काय चालवलंय?" तांडेल गरजले.

"हलू नका, मामा," भिवा म्हणाला. "चारचौघं आलेत. मान वाढली की मुहूर्त काढू."